जिप्सीचं इंजिन खाली उतरलंय, तोवर काय काय उरकून घ्यावं?

मेढ्याच्या एका जिप्सीवाल्यांनी विचारलंय: "गाडी २००३ ची मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची), लष्कराच्या लिलावातून फिरत माझ्याकडे आलेली. ऑइल खायची, चढाला निळा धूर मारायची, म्हणून साताऱ्यात इंजिन उतरवलं. ब्लॉक आणि हेड लेथवाल्याकडे आहे, दहा-बारा दिवस लागतील म्हणतात. तोवर गाडीत आणखी काय करून घ्यावं? पॉवर स्टेअरिंग, एसी, मोठा रेडिएटर, जास्त पॉवरची कॅम असं बरंच डोक्यात आहे. इंजिनचा खर्च सोडून हातात पंचवीस-तीस हजार आहेत."

तुमच्या यादीतलं एकेक काम घ्या आणि त्याला एकच प्रश्न विचारा. हे काम पुढच्या वर्षी करायचं ठरलं, तर इंजिन परत उतरवावं लागेल का? उत्तर 'हो' असेल तर ते आत्ता करा, मग त्या भागाला आज काही झालेलं नसलं तरी. उत्तर 'नाही' असेल तर पैसे राखून ठेवा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पाटे, ब्रेक लायनर, टाकीतला पेट्रोल पंप ही कामं इंजिन जागेवर असतानाही होतात. इंजिन खाली आहे म्हणून ती स्वस्त होत नाहीत. गॅरेजमध्ये "आता उघडलंच आहे तर" हे वाक्य सुरू झालं की बिल कुठं जाऊन थांबेल सांगता येत नाही. मीही ते वाक्य गिऱ्हाइकाला बऱ्याचदा ऐकवलंय, म्हणून सांगतो.

पहिला नंबर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मागच्या ऑइल सीलचा. सील शे-दोनशे रुपयांचं. ते गळलं तर मात्र गिअरबॉक्स किंवा इंजिन यातलं एक उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा एका जीपचं इंजिन बांधलं आणि सील "कोरडंच दिसतंय" म्हणून तसंच ठेवलं. पंधरा दिवसांत गाडी यवतेश्वरच्या घाटात क्लच घसरत थांबली. क्लच प्लेट ऑइलनं न्हालेली. इंजिन पुन्हा उतरवलं, मजुरी माझ्या खिशातून गेली, वर गिऱ्हाइकाची बोलणी. तेव्हापासून जुनं मागचं सील परत बसवत नाही. जुनं रबर जागेवर बसलेलं असतं तोवर तग धरतं, एकदा क्रँकवरून निघून परत चढलं की त्याच्या ओठाचा भरवसा नाही.

नवं सील बसवताना क्रँकच्या त्या जागेवरून नख फिरवा. वीस वर्षांत सीलच्या ओठानं तिथं बारीक चर पाडलेली असते. नख अडकलं तर सील घरात पूर्ण आतपर्यंत ठोकू नका, मिलिमीटरभर अलीकडे ठेवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरेल. ओठाला ऑइल लावूनच चढवा. पुढचं क्रँक सील आणि कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) सील त्याच दिवशी बदला. ती दोन्ही टायमिंग बेल्टच्या कव्हरमागं असतात आणि तिथं गळलेलं ऑइल बेल्ट खातं. बेल्ट आणि टेन्शनर नवे घ्या, यात बचत नको.

आता क्लच. घाटातल्या गाडीचा क्लच सपाटीवरच्या गाडीइतका टिकत नाही, आणि सप्टेंबरात कासच्या रांगेत फूट-फूट सरकणाऱ्या गाडीचा तर बोलायलाच नको. प्लेटमध्ये निम्मं मटेरियल शिल्लक असलं तरी मी सांगेन की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच घाला. शिवाय फ्लायव्हीलच्या मध्यभागी गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं छोटं बेअरिंग असतं, ते हमखास विसरतात. बोटानं फिरवा, खरखर लागली किंवा ग्रीस वाळलेलं असलं तर बदला. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग किंवा केसाएवढ्या भेगा दिसल्या तर ब्लॉकबरोबर तेही लेथवाल्याकडे पाठवा. क्लच केबल, फोर्कचे बुश, फोर्कचा शाफ्ट हेही याच फेरीत बघून घ्या.

इंजिन उतरण्याआधी एक गोष्ट ऐकली होती का, आठवून बघा. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लच न दाबता गुर्र असा आवाज यायचा आणि क्लच दाबला की बंद व्हायचा? तसं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग चाललंय. उलट, दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर तो रिलीज बेअरिंगचा. पहिला प्रकार असेल तर गिअरबॉक्सही आत्ताच उतरवून उघडा, पंचवीस हजारांतले काही तिथं जाऊ द्या. आवाज नसेल आणि दुसरा गिअर कुरकुरत नसेल तर गिअरबॉक्सला हात लावू नका. फक्त इनपुट शाफ्टचं सील बदला, ऑइल नवं भरा.

गिअरबॉक्स गाडीतच असेल तर आज जाऊन बघा, त्याच्या पुढच्या तोंडाखाली टेकू दिलाय का. इंजिन निघालं की गिअरबॉक्सचा पुढचा भार मागच्या रबरांवर लोंबकळतो आणि दहा दिवसांत रबरं फाटू शकतात. ती रबरं तशीही बदलायची आहेत. इंजिनची दोन्ही माउंटिंग आणि गिअरबॉक्सखालचं रबर तर आहेच, शिवाय जिप्सीला मागं वेगळी ट्रान्सफर केस असते, तीन रबरांवर टांगलेली. यांपैकी एक बसलं की गाडी पहिल्या गिअरला धडधडते आणि लोक क्लचला दोष देतात.

पाण्याच्या बाजूवर जरा थांबतो, कारण तुमच्या इंजिनचा धूर तिथूनच सुरू झाला असावा असा मला दाट संशय आहे. ब्लॉकच्या अंगाला वाटीसारख्या पत्र्याच्या चकत्या ठोकून बसवलेल्या असतात, त्यांना कोअर प्लग म्हणतात. कूलंट न वापरता बोअरचं पाणी ओतत राहिलं की त्या आतून गंजतात. एखादी चकती अशा जागी असते की गाडीत इंजिन असताना दिसतसुद्धा नाही. सगळ्या चकत्या काढून ब्लॉकचे पाण्याचे मार्ग आतून खरवडून घ्यायला लेथवाल्याला सांगा. तळाशी साचलेला लाल गाळ तिथूनच निघतो. नव्या चकत्या मिळून दोन-तीनशे रुपयांच्या आत बसतात.

पाण्याचा पंप बदलाच. या इंजिनात पंप काढायला टायमिंग बेल्टपर्यंत सगळं सोडावं लागतं. थर्मोस्टॅट नवा घेतलात तरी बसवण्याआधी घरी एकदा पातेल्यात उकळून बघा. त्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुतेकदा ८२ किंवा ८८. पाण्यात थर्मामीटर धरला की खरं-खोटं कळतं.

आता संशयाचं. आपल्याकडे "घाटाला गाडी तापते" म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी खोड आहे. कार्बोरेटरच्या काळात ते खपून जायचं. एमपीएफआयमध्ये कॉम्प्युटर पाण्याचं तापमान बघून पेट्रोल सोडतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरम होत नाही, कॉम्प्युटरला ते थंडच वाटत राहतं आणि तो पेट्रोल जास्त ओततो. ते जादा पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगा कोरड्या घासतात. तुमच्या गाडीचा थर्मोस्टॅट जागेवर होता का, फिटरला विचारा. नव्हता असं निघालं, तर नवे पिस्टन-रिंग घालूनही तीच कथा परत घडेल.

रेडिएटर "मोठा" करायची गरज नाही. आहे तोच उघडून आतल्या नळ्या सळईनं साफ करून घ्या. पितळी असेल आणि पंख गळून पडत असतील तर नवा कोअर घाला. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पंख्याभोवतीचं कवच आहे का ते बघा. जुन्या जिप्सींत ते कुणीतरी काढून ठेवलेलं असतं आणि मग पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. रेडिएटरचं झाकणही नवं घ्या, त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तुमच्या गाडीला जो आहे तोच घ्या. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईतो उकळत नाही. झाकणाचं रबर मेलं की तो दाब गेला. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, तिथं उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. केळघरचा घाट चढून वर पोचल्यावर गाडी उकळते ती बहुतेक वेळा या शंभर-दीडशे रुपयांच्या झाकणापायी. सगळे होज पाइप बदला, बायपासचा बोटभर पाइप धरून, कारण तोच अडचणीत असतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

आता रिकाम्या खड्ड्याकडे वळू. इंजिन नसलेल्या जिप्सीत आत उभं राहून काम करता येतं, ही संधी परत दहा वर्षं यायची नाही. तुमचा भाग जावळीचा, पावसाचा. चार महिने चिखल उडतो तो चॅसीच्या दांड्यांवर, इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटमागं आणि बॅटरीच्या ट्रेखाली साचून राहतो. आधी केरोसीन आणि ब्रशनं तेलकट मळ काढा, मग साबणाचं पाणी. प्रेशर गनवाल्याला मोकळं सोडू नका. वायरिंगच्या कपलरना आधी प्लास्टिक बांधा, नाहीतर नंतर गाडी मिसिंग करेल आणि दोष नव्या इंजिनवर जाईल. वाळल्यावर पेचकसाच्या मुठीनं चॅसी ठोकत जा. टणटण आवाज येतो तिथं लोखंड शाबूत आहे, बद्द वाजलं की तिथं पत्रा गेलाय, तो वेल्डिंगनंच सुधारतो. गंज घासून इपॉक्सी प्रायमर, मग रंग. दांड्यांच्या आतल्या पोकळीत मेणाचा स्प्रे मारून घ्या.

रंगाचा विषय निघालाच आहे. लष्करी गाडी म्हणून बॉनेटखाली तोच हिरवा मारायचा मोह होईल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्याच गाड्यांना आहे. अपशिंग्यासारखी फौजींची गावं असलेल्या जिल्ह्यात त्या रंगाची ओढ मला कळते, पण पासिंगला गाडी उभी केल्यावर ती समजूत कामाला येत नाही.

चॅसीलगत जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप इंजिनच्या आड दडलेले असतात, ते आत्ता पूर्ण दिसतील. गंजानं फुगलेला एकही पाइप ठेवू नका. स्टेअरिंग बॉक्सही मोकळा पडलाय, त्याचं सील आणि ढिलाई बघून घ्या. तोच बॉक्स इंजिन बसल्यावर सोडायचा म्हणजे हाताची सालटी जातात.

पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे. हे मी आग लागू नये म्हणून सांगतोय, आग्रह म्हणून नाही. एमपीएफआयच्या लाइनमध्ये अडीच-तीन किलोचा दाब असतो. कार्बोरेटरच्या गाडीचा स्वस्त पाइप तिथं चालत नाही, फ्युएल इंजेक्शनसाठीचा उंच दाबाचाच पाइप आणि त्याचेच क्लॅम्प मागा. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. ऊस आपल्याच शेतातला, पण २००३ च्या रबराला त्याची सवय नाही. ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. घेताना इथेनॉलला चालणारा पाइप आहे ना, एवढं दुकानात विचारून घ्या.

वायरिंगला अर्धा दिवस द्या. उष्णतेनं कडक झालेले कपलर, उंदरानं कुरतडलेल्या वायरी, कुणीतरी टेप गुंडाळून जोडलेले सांधे हे सगळं टेबलावर असल्यासारखं समोर आहे. इंजिन ते चॅसी आणि इंजिन ते बॉडी अशा अर्थिंगच्या पट्ट्या नव्या घाला, खालची जागा लोखंड दिसेपर्यंत घासून. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजलेले स्टड हेड लेथवर असतानाच बदलून घ्या, गाडीत ते तुटले तर ड्रिल आत जात नाही. स्टार्टर उघडून बुश-कार्बन तपासा. अल्टरनेटर नुसता टेस्ट करा, चांगला असेल तर राहू द्या, तो नंतरही दोन बोल्टवर निघतो.

आता तुमची हौसेची यादी. तोच सुरुवातीचा प्रश्न लावू.

पॉवर स्टेअरिंग हायड्रॉलिक घालणार असाल तर पंपाचं ब्रॅकेट आणि जादा पुली इंजिनवर बसते, तेव्हा निर्णय आत्ता. इलेक्ट्रिक घालणार असाल तर ते डॅशबोर्डखाली कॉलमवर येतं, इंजिनचा संबंध नाही. पुढच्या दिवाळीला घाला. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. एसीचं तसंच: पूर्ण एसी आज नको, पण नक्की बसवायचा असेल तर कंप्रेसरचं ब्रॅकेट आणि क्रँकची पुली तेवढी आत्ता लावून ठेवा.

पॉवरची कॅम नको. १२९८ सीसीचं हे इंजिन १६ व्हॉल्व्हचं, आधीच वरच्या फेऱ्यांना खुलणारं. तसली कॅम ताकद आणखी वर ढकलते आणि घाटात दुसऱ्या गिअरला लागणारी खालची ओढ जाते. हलकं फ्लायव्हीलही त्याच कारणानं नको. आणि कुणी "डिझेल इंजिन टाकून देतो" म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतली माहिती बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि अपघातात विमा कंपनी आधी हेच बघते.

मी सुचवेन ती सुधारणा दिसायला किरकोळ आहे. ऑइल प्रेशरच्या स्विचजवळ टी-जोड घालून खरा आकडा दाखवणारा गेज बसवा आणि पाण्याच्या तापमानाचाही अंशांत दाखवणारा. डॅशवरचा दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. गरम इंजिनला ४००० आरपीएमला तीन ते चार किलोच्या आसपास दाब दिसला की समजा बांधणी जमली. दुसरं म्हणजे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरना (हवा आत-बाहेर जायच्या तोंडांना) लांब पाइप जोडून ते फायरवॉलवर उंच बांधा. पावसाळ्यात फरशीपुलावरून पाण्यात गाडी घालता तेव्हा गरम गिअरबॉक्स एकदम गार होतो आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढतो. पाइप शंभर रुपयांचा.

लेथच्या कामाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दोन गोष्टी. पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याच्या हातात द्या, मग बोअर. मूळ बोअर ७४ मिलिमीटरचा, ओव्हरसाइज ०.२५ आणि ०.५० मध्ये येतात. पिस्टन आणि भिंत यांत सुटणारी जागा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश एवढीच, ती छापील मापावरून नाही, हातातल्या पिस्टनवरून काढायची असते. हेडला सरळपट्टी लावून ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तरच फेसिंग, म्हणजे तोंड घासून सपाट करणं. आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासला जाऊ नये, रंगानं बुजू नये. आजच त्याचा फोटो काढून ठेवा. ब्लॉकच बदलावा लागला तर आरसी बुकात नोंद केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

चढवताना क्लच प्लेट मध्यावर आणायला भंगारातला जुना इनपुट शाफ्ट वापरा, नजरेचा अंदाज नको. इंजिन गिअरबॉक्सला हातानंच पूर्ण भिडलं पाहिजे. फट उरली आणि पोऱ्यानं बोल्ट आवळून ती ओढून घेतली, की क्लच प्लेटचा हब वाकला म्हणून समजा. इनटेकच्या भोकांत कोंबलेले कापडी बोळे मोजून घाला आणि मोजून काढा. एकदा एक बोळा माझ्याकडून आत राहिला होता. सुदैवानं स्टार्टर मारायच्या आधीच आठवला.

चालू करण्याआधी प्लग काढून, इंजेक्टरचे कपलर सोडून, गेजवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत नुसता स्टार्टर मारा. मग चालू करा, आणि काही गॅरेजांत करतात तसं दिवसभर आयडलवर उभं ठेवू नका, त्यानं रिंगा बसत नाहीत. गळती बघितली, पाणी टॉपअप केलं की रस्त्यावर काढा. पहिले दोन दिवस केळघर नको. महामार्गावरून कराडकडं जा, वेग कमी-जास्त करत, एकाच फेऱ्यांवर न रेंगाळता, मधून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडत. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. आणि त्या दिवशी गाडी लिफ्टवर असतानाच बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, तळाशी बोट फिरवून बघा. बोट कोरडं आलं तर मेढ्याला घाटाच्या रस्त्यानं जायला हरकत नाही.